चौदा पिशव्यांची पावती

प्लेनो, टेक्सास
९ फेब्रुवारी २०२५

कादंबरीताई,

नमस्कार. स्वीकारायचा की नाही, ते तुमच्यावर सोडते. माझा फोन तुम्ही उचलत नाही, फॅमिली ग्रुपमधून वर्षापूर्वीच बाहेर पडलात, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. सुशांत म्हणाला, "तूच लिही, भांडण तुम्हा दोघींचं आहे." तुमचा भाऊ अशा वेळी किती चपळाईने बाजूला होतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

मुद्द्यावर येते. २०२३च्या टॅक्स रिटर्नबद्दल आयआरएसचं पत्र आलं आहे. आई गेल्यावर त्यांचे कपडे आणि स्वयंपाकघरातलं सामान आम्ही इथल्या एका डोनेशन सेंटरला दिलं होतं, त्या वर्षीच्या अठ्ठावीस डिसेंबरला. चौदा पिशव्या आणि सहा खोकी. त्याची तीन हजार आठशे चाळीस डॉलर किंमत लावून सुशांतने तेवढी वजावट रिटर्नमध्ये दाखवली. आता ते विचारतात, हे सामान खरंच होतं का, कोणत्या स्थितीत होतं आणि दिल्याचा पुरावा काय. दहा मार्चच्या आत उत्तर पोचायला हवं.

नुसत्या पैशाचं असतं तर हजारेक डॉलर भरून मोकळे झालो असतो. पण चौदा एप्रिलला सुशांतचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, असं करत अठरा वर्षांनी इथवर पोचलाय तो. सरकारला कधी खोटी माहिती दिली आहे का, हे तिथे शपथेवर विचारतात. नेमकं आत्ताच टॅक्समध्ये खोटं दाखवल्याचं निघालं, तर सगळं फिसकटू शकतं. माणूस जेवताना घास हातात धरून बसून राहतो.

तेरावं झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी, तुम्ही आईंच्या कपाटाचे फोटो काढले होते. आमच्याकडे एकही नाही. तेवढे पाठवाल का? मी केलेल्या यादीची आणि सेंटरच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडते आहे.

तुमची भाची नैना बरी आहे. तिला ड्रायव्हिंगचं परमिट मिळालं.

वल्लरी


एडिसन, न्यू जर्सी
१५ फेब्रुवारी २०२५

वल्लरी,

नमस्कार स्वीकारला. नमस्कारावर राग काढायची आमच्या घरात पद्धत नाही.

तुझी यादी वाचली. मराठी शाळेत पंधरा वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण असं भाषांतर पाहिलं नव्हतं. विळी म्हणजे 'फ्लोअर टाइप व्हेजिटेबल कटर', चार डॉलर. पुरणयंत्र म्हणजे 'फूड मिल', सहा डॉलर. चकलीचा सोऱ्या 'कुकी प्रेस'! टेक्सासमधली कोणती बाई ती विळी घरी नेऊन जमिनीवर बसली असेल, या विचाराने मला आधी हसू आलं. मग पुढची ओळ वाचली आणि हसू गेलं. 'सिल्क साड्या, सतरा, उत्तम स्थितीत, प्रत्येकी चाळीस डॉलर.' सरसकट! त्यात आईच्या लग्नातला शालू आला, बाबांनी पहिल्या पगारात घेतलेली इरकल आली. कांद्या-बटाट्यांना तरी आपण वेगवेगळे भाव लावतो गं.

मी तुझ्याकडे एकच साडी मागितली होती. जांभळी नारायणपेठ. मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा विमानतळावर आई ती नेसून आली होती. आत जाताना मी मागे वळून पाहिलं, तर एवढ्या गर्दीत मला तो जांभळा रंग तेवढा दिसला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी फोन केला आणि तू म्हणालीस, "सगळं देऊन टाकलं, ताई." दुधाची पिशवी संपली हे सांगावं, तशा आवाजात म्हणालीस.

आता एक सांगते. हे मी गुरुदत्तलाही सांगितलेलं नाही, नाहीतर नवरा मला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. तुझ्या त्या फोननंतर, मार्चमध्ये, मी डॅलसला आले होते. घरी सांगितलं, मराठी शाळांच्या शिक्षकांची मीटिंग आहे. मीटिंग होती, पण अर्ध्या दिवसाची. उरलेले दोन दिवस भाड्याची गाडी घेऊन मी प्लेनो, ॲलन, रिचर्डसन पालथं घातलं. जुन्या कपड्यांची नऊ दुकानं! हँगर सरकवून सरकवून बोटं दुखली. एका दुकानात लांबून जरीचा काठ दिसला. धावत गेले, तर पडदा होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आर यू ओके, मॅम?" मी म्हटलं, "आय ॲम लुकिंग फॉर माय मदर." तिने बिचारीने मॅनेजरला बोलावलं, तिला वाटलं म्हातारी आई दुकानात हरवली.

तुमच्या घरावरून दोनदा गाडी नेली. थांबले नाही.

सेहेचाळीस फोटो आहेत, सगळे प्रिंट करून पाठवते आहे. मागे तारीख घातली आहे. हे सुशांतसाठी करते आहे, तुझ्यासाठी नाही. तेवढं स्पष्ट असलेलं बरं.

कादंबरी


प्लेनो
२१ फेब्रुवारी २०२५

कादंबरीताई,

फोटो पोचले. तुमचं पत्रही. नऊ दुकानांबद्दल काय लिहावं ते मला सुचत नाही. चार वेळा लिहायला घेतलं आणि कागद बाजूला ठेवला.

आमचा टॅक्सवाला देवांग म्हणतो, फोटो चांगले आहेत, पण त्यात कपाट दिसतं, दिलेलं दिसत नाही. सेंटरच्या पावतीवर तिथला माणूस नुसती सही-तारीख करून देतो, आकडा आपण भरायचा असतो, त्यामुळे तिलाही फार वजन नाही. सामान देताना कुणी सोबत असेल तर त्या माणसाने तसं सही करून लिहून द्यावं, असं त्याचं मत. त्या दिवशी मी एकटी होते. सुशांत ऑफिसात, नैना मैत्रिणीकडे. गाडीच्या दोन फेऱ्या मीच केल्या.

मी सुशांतला म्हणाले, वाद नको, वजावट सोडून देऊ, पैसे भरून टाकू. तो भडकला. "दिलंय ना आपण? मग चोरासारखं का भरायचं? उद्या इंटरव्ह्यूत विचारलं, का भरलंत, तर काय सांगू?" त्याला माहीत आहे तेवढ्यावरून तो बरोबरच बोलतो.

तो तुम्हाला फोन करेल. सही द्या म्हणेल. ताई, हात जोडून सांगते, त्याला नाही म्हणा. तुम्ही तेव्हा एडिसनमध्ये होतात. तुम्ही यात पडू नका. माझ्यावर राग आहे तो राहू द्या, पण एवढं ऐका.

वल्लरी


एडिसन
२७ फेब्रुवारी २०२५

वल्लरी,

तुझं पत्र आणि सुशांतचा फोन एकाच दिवशी आले. तू म्हणतेस सही करू नका, तो म्हणतो ताई, कर. पन्नाशीला आलेला माझा भाऊ फोनवर रडला गं. लहानपणी सायकलवरून पडला तरी रडायचा नाही.

तुझ्या 'नाही म्हणा'चा अर्थ मला कळला. नणंदेचे उपकार नकोत, असंच ना? तू नागपूरची, तुझा ताठा मला लग्नापासून माहीत आहे. पण हा ताठा करायची ही वेळ नव्हे.

सोबत माझं निवेदन आहे. त्यात लिहिलंय की अठ्ठावीस डिसेंबरला मी प्लेनोत होते आणि सहा खोकी आणि चौदा पिशव्या देताना मी स्वतः पाहिल्या. बँकेतल्या नोटरीने शिक्का मारला. माझं लायसन्स पाहिलं, मजकूर वाचलासुद्धा नाही. मी आजवर मुलांचे मार्क वाढवले नाहीत, कुणाच्या आईबापांनी कितीही गळ घातली तरी. ही माझी पहिली खोटी सही. पण मी मनाची समजूत घातली आहे. चौदा पिशव्या खऱ्या आहेत, दिल्या आहेत. खोटे आहेत ते फक्त माझे डोळे, तेवढं देव माफ करेल.

आणि लिहायलाच बसले आहे, तर दुसरंही लिहिते. तेराव्याच्या जेवणाला, चार माणसांत मी तुला म्हणाले होते, "आईच्या वस्तूंचं काय करायचं ते मी ठरवेन, तू काही तिच्या पोटची नाहीस." शेवटची तीन वर्षं आई तुझ्याकडे होती. तिला उठवणं-बसवणं, आंघोळ, औषधं, सगळं तू केलंस. मी वर्षातून दहा दिवस यायचे आणि तिला बाकरवडी भरवून तुझा पथ्याचा तक्ता बिघडवून जायचे. ते वाक्य मी बोलायला नको होतं. त्यासाठी मी तुझी माफी मागते.

साड्यांचा राग मात्र आहे. तो जाईल असं वाटत नाही.

कादंबरी


प्लेनो
५ मार्च २०२५

ताई,

तुमचं निवेदन मी पाठवलेलं नाही. याच पाकिटात परत करते आहे. ते फाडायचा हक्क तुमचा आहे.

पिशव्या चौदा दिल्या नव्हत्या. बारा दिल्या.

उरलेल्या दोन पिशव्यांत त्या सतरा साड्या आहेत. गेस्ट रूमच्या क्लोझेटमध्ये, जादा उशा-पांघरुणांच्या मागे. जांभळी नारायणपेठ सगळ्यात वर आहे. तुम्ही नऊ दुकानांत हँगर सरकवत होतात, आमच्या घरावरून दोनदा गेलात, तेव्हा ती तुमच्यापासून पन्नास पावलांवर होती. हे वाक्य लिहायला मला पंधरा दिवस लागले.

कसं झालं ते सांगते. त्यातून माझी सुटका होत नाही, हे मला कळतं. यादी मी आधीच करून ठेवली होती, सगळं देऊन टाकायचं या निश्चयानेच. दुसऱ्या फेरीला शेवटच्या दोन पिशव्या उतरवायच्या होत्या. तिथला मुलगा गाडीपाशी येऊन उभा राहिला आणि मी डिकी बंद केली. परत घेऊन आले. कुणाला बोलले नाही. मग फेब्रुवारीत तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "माझ्या आईची साडी मला हवी." त्या 'माझ्या'ने तेरावं पुन्हा उभं राहिलं. 'सगळं देऊन टाकलं' हे मी ठरवून बोलले नाही, पण बोलले ते तुम्हाला दुखावं म्हणूनच. सुशांत समोरच लॅपटॉप उघडून टॅक्सचं करत बसला होता. मी फोन ठेवला आणि त्याने विचारलं, "पिशव्या चौदा ना?" पावती तोवर कोरीच होती. यादीतून साड्या काढायच्या, तर तुम्हाला खोटं बोलले हे त्याला सांगावं लागलं असतं. मी पेन घेतलं आणि चौदा लिहिलं.

त्या पावतीच्या तळाशी एक ओळ छापलेली असते, तुमच्याकडच्या झेरॉक्सवरही आहे. 'या देणगीच्या बदल्यात दात्याला कोणतीही वस्तू अथवा सेवा देण्यात आलेली नाही.' ताई, त्या दिवशी ती ओळ वाचली आणि वाटलं, ही माझ्या तीन वर्षांची पावती आहे.

जांभळ्या साडीबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेही आता सांगून टाकते. शेवटच्या वर्षी आईंना माणसं ओळखू यायची नाहीत, ते तुम्ही पाहिलंत. पण दर शुक्रवारी ती साडी नेसायचा त्यांचा हट्ट असायचा. भिंतीला धरून उभं करायचं आणि नेसवायची. मी खाली बसून निऱ्या घालायला लागले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "कादंबरी, निऱ्या सारख्या घाल गं, एअरपोर्टला जायचंय." पहिल्यांदा मी म्हटलं, आई, मी वल्लरी. त्या इतक्या घाबऱ्या झाल्या की पुन्हा कधी दुरुस्त केलं नाही. वर्षभर दर शुक्रवारी मी कादंबरी म्हणून ओ दिली. आणि तेराव्याला खऱ्या कादंबरीने मला सांगितलं की मी पोटची नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, माहीत असतं तर तुम्ही बोलला नसता, हे मला समजतं. तेव्हा मात्र समजून घ्यायची इच्छाच नव्हती.

तुमचं निवेदन परवा आलं. सुशांतने मोठ्याने वाचलं. 'मी स्वतः पाहिल्या' या ओळीपर्यंत पोचला आणि मी म्हणाले, थांब. वर जाऊन दोन्ही पिशव्या आणल्या आणि डायनिंग टेबलवर ठेवल्या. नैना म्हणाली, "वेट, आजीज सारीज वर हिअर द होल टाइम?" दुसऱ्या दिवशी सुशांत न जेवता ऑफिसला गेला आणि दुपारीच परत आला. म्हणाला, "वर्षभर माझी बहीण माझ्याशी नीट बोलली नाही, आणि कारण माझ्याच घरात उशांच्या मागे होतं." तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

देवांगला सगळं सांगितलं. आयआरएसला काल उत्तर गेलं. पिशव्या बारा, साड्या दिलेल्या नाहीत, पावतीवरचा आकडा मी चुकीचा भरला, असं माझ्या सहीने लिहिलं. साड्यांवरचा टॅक्स सोबतच भरला, दंड लागेल तो भरू. इंटरव्ह्यूत सुशांत हे स्वतःहून सांगणार आहे. त्याचं काय होईल, देवांगलाही सांगता येत नाही. काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे असेल.

दोन्ही पिशव्या आज पार्सलने पाठवल्या. साड्या सतरा आहेत, मोजून घ्या. किंमत लावलेली नाही.

वल्लरी


प्लेनो
१६ एप्रिल २०२५

ताई,

तुमचं उत्तर नाही. पार्सल बारा मार्चला पोचलं असं ट्रॅकिंगवर दिसतं, गुरुदत्तरावांची सही आहे. न लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तरी परवाचं कळवायला हवं.

ऑफिसर एक वयस्कर बाई होत्या. खोटी माहिती कधी दिली का, हा प्रश्न आला. सुशांत म्हणाला, "येस मॅम, वी डिड, अँड वी करेक्टेड इट." सगळे कागद पुढे ठेवले. त्या ते घेऊन आत गेल्या. वीस मिनिटं तो एकटा बसून होता, मी खाली गाडीत. बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "दीज आर युअर मदर्स क्लोद्ज?" तो हो म्हणाला. पास झाला, ताई. शपथविधी सहा जूनला आहे.

गाडीत बसल्यावर, त्या पिशव्यांनंतर पहिल्यांदा, त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, "ताईला तू कळव." म्हणून कळवते आहे. सही मागितल्याची त्याला लाज वाटते, ते तो स्वतः कधी लिहायचा नाही.

वल्लरी


एडिसन
२१ एप्रिल २०२५

वल्लरी,

महिनाभर मी लिहिलं नाही, कारण आधी खूप संताप आला होता. पार्सल उघडलं, वर जांभळी दिसली आणि मी गुरुदत्तच्या अंगावर ओरडले, त्या बिचाऱ्याने फक्त सही केली होती. मग ती पेटी मी आठवडाभर तशीच उघडी ठेवली. येता-जाता बघायचे. एकदा ठरवलं, तुला असं काही लिहायचं की तू जन्मात विसरणार नाहीस. लिहिलंही. तुझ्या पत्रातला 'शुक्रवार' पुन्हा वाचला आणि ते फाडून टाकलं. माझं नोटरीचं निवेदनही त्याबरोबर फाडलं.

पोरी, वर्षभर आईने मला दर शुक्रवारी हाक मारली, आणि मी इथे ओक ट्री रोडवर भाजी घेत होते. ओ द्यायला तू होतीस. तुझं खोटं मला लागलं, अजूनही लागतं. पण ती घाबरू नये म्हणून तू जे खोटं बोललीस, त्यासाठी मी तुझ्या पाया पडले असते, वयाने मोठी नसते तर.

सहा जूनला आम्ही दोघं येतो आहोत. या वेळी घरासमोर गाडी थांबवणार आहे. सुशांतला सांग, लाजायचं ते समोर येऊन लाज.

पार्सलची पोच द्यायची राहिली होती, ती खाली देते आहे. सेंटरच्या पावतीवरून उतरवून घेतली आहे.

पावती
देणार: सौ. वल्लरी, प्लेनो.
घेणार: कादंबरी, एडिसन.
वस्तू: सिल्क साड्या, सतरा. मोजल्या, बरोबर आहेत.
स्थिती: उत्तम. घड्या मोडून पुन्हा घातलेल्या दिसतात.
किंमत: देणाऱ्याने भरावी.

तळाची ओळ, 'या देणगीच्या बदल्यात दात्याला कोणतीही वस्तू अथवा सेवा देण्यात आलेली नाही', ही मी खोडली आहे. जांभळी नारायणपेठ तुला परत पाठवते आहे, आणि खोटी सही मी आता पुन्हा करणार नाही.

ताई